सेमाफोरचा परवाना परत येतोय ना?

पायथॉनमध्ये एकदम शेकडो विनंत्या पाठवणारा प्रोग्रॅम लिहिताना समोरचा सर्व्हर गुदमरू नये म्हणून आपण सेमाफोर (एका वेळी किती जणांना आत सोडायचं ते मोजणारा पहारेकरी) लावतो: परवाने १०, अकराव्याने थांबायचं. इथवर सगळ्यांचं जमतं. घोळ होतो तो परवाना परत करताना.

अक्वायर (परवाना घेणं) आणि रिलीज (परत करणं) हाताने लिहिलंत आणि मधेच एरर आली, तर रिलीजची ओळ चालतच नाही. परवाना गेला तो गेला. असे १० गेले की प्रोग्रॅम गपगार. क्रॅशही नाही, नुसता बसून राहतो. म्हणून 'असिंक विथ' वापरा (थ्रेड असतील तर नुसतं 'विथ'). आत काहीही फुटलं तरी परवाना परत येतो.

उलटी चूक जास्त छुपी. रिलीज चुकून दोनदा झालं तर साधा सेमाफोर चकार शब्द काढत नाही, १० चे गुपचूप ११ होतात. 'बाउंडेड सेमाफोर' मात्र आकडा १० च्या वर जाऊ लागला की व्हॅल्यू एरर देतो. मी तर सवयीने तोच घेतो.

आणि हो, सेमाफोर विनंती पाठवणाऱ्या फंक्शनच्या आत बनवू नका. प्रत्येक कॉलला नवा कोरा सेमाफोर मिळतो आणि कोणीच थांबत नाही! बाहेर एकदाच बनवा, आत पाठवा. प्रोग्रॅमच्या ४ प्रोसेस चालवत असाल तर प्रत्येकीचा सेमाफोर वेगळा, म्हणजे सर्व्हरवर एकूण ४०. तेव्हा आकडा आधीच भागून घ्या.