नवा मराठी सिनेमा उतरण्याआधी गाठायचा तर

सिनेमा शुक्रवारी लागतो, पण त्याचं नशीब बहुतेकदा सोमवारी ठरतं. शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या राहिल्या की मल्टिप्लेक्सवाले शो कापतात. उरतो तो सकाळचा किंवा भरदुपारचा, म्हणजे नोकरदारांनी विसरायचंच. म्हणून पहिलाच शनिवार-रविवार धरा. पुढच्या आठवड्याचे खेळ साधारण बुधवार-गुरुवारी बुकिंग ॲपवर दिसू लागतात. तिकीट आगाऊ काढा. एकही तिकीट न विकलेला खेळ आयत्या वेळी रद्द होऊ शकतो. खुर्ची मध्यापासून दोन-तीन रांगा मागे, पडद्याच्या बरोबर समोर. कडेला बसलं की जवळचा स्पीकर बाकीचा आवाज झाकतो. ‘ओटीटीवर बघू’ म्हणून थांबू नका, काही मराठी सिनेमे तिथे महिनोन्महिने येत नाहीत.