पोटाला मार आणि फुटलेली पित्तनलिका : या चुका टाळा

रावेर-यावलकडे केळीचा ट्रॅक्टर उलटतो, चोपड्याच्या रस्त्यावर मोटरसायकलचं हँडल पोटात घुसतं. असे पेशंट खान्देशातल्या आपल्या डॉक्टरांना नवे नाहीत. यकृत आणि प्लीहा आपण बघतोच. पित्तनलिका, म्हणजे यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी नळी, क्वचित फुटते, म्हणून तीच नजरेतून सुटते.

सगळ्यात महागात पडतात ते सुरुवातीचे शांत दिवस. ताज्या पित्तात सहसा जंतू नसतात, त्यामुळे पोट फारसं कडक होत नाही. बीपी ठीक, जेवण सुरू, सुट्टी दिली. मग आठवड्या-दोन आठवड्यांनी पोट फुगतं, भूक मरते, डोळे पिवळे होतात, शौच पांढरट होते. तोवर अपघात सगळेच विसरलेले असतात. घरचे काविळीच्या गावठी औषधाला नेतात, आपण हिपॅटायटिसच्या तपासण्या लिहितो. काविळीच्या प्रत्येक पेशंटला एवढं विचाराच: ‘दादा, महिना-दोन महिन्यांत पोटाला मार लागला होता का?’

सोनोग्राफीत पाणी दिसलं की ते रक्तच, असं धरून चालू नका. हिमोग्लोबिन स्थिर आहे आणि पाणी वाढतंय, तर सुईने थोडं काढून त्यातलं बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं रंगद्रव्य) तपासा. रक्तातल्यापेक्षा जास्त आलं तर पित्त गळतंय. गळती कुठली, हे एमआरसीपी (नलिकांचा एमआरआय) किंवा ईआरसीपीत (तोंडातून दुर्बीण घालून केलेली नलिकेची तपासणी) कळतं. यकृताच्या आतली गळती पुष्कळदा ईआरसीपीतून स्टेंट, म्हणजे बारीक नळी, टाकून थांबते.

पोट उघडलंय आणि नलिकेभोवती हिरवट-पिवळा डाग दिसतोय, तर तो सोडून पोट बंद करू नका. पित्ताशयातून डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) देऊन तिथेच एक्स-रे काढा. पण पेशंट कोसळत असेल तर दुरुस्तीचा हट्ट नको. रक्तस्राव थांबवा, ड्रेन (पोटात साचणारं बाहेर काढणारी नळी) ठेवा, पुढे पाठवा.

छोटी फाट बारीक, विरघळणाऱ्या धाग्याने शिवता येते. पूर्ण तुटलेल्या नलिकेची टोकं ओढून जोडण्याचा मोह मात्र आवरा, तिथे पुढे आकुंचन येण्याचा धोका मोठा. अशा वेळी रू-एन-वाय पद्धतीने (लहान आतड्याची एक फांदी Y आकारात वर आणून) नलिका लहान आतड्याला जोडणंच भरवशाचं, तेही हे काम नेहमी करणाऱ्या सर्जनकडून. नलिका चहूबाजूंनी मोकळी करू नका. तिच्या रक्तवाहिन्या दोन्ही कडांनी जातात.

रेफर चिठ्ठीत ड्रेन कुठे आहे, रोज किती मिली येतं, ऑपरेशनमध्ये कोणती नलिका किंवा रक्तवाहिनी बांधली, हे स्पष्ट लिहा. पेशंटला सांगा, काही वर्षांनीही थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर जुने कागद घेऊन यायचं.