तंबोऱ्याची खुंटी घट्ट झाली? आधी या चुका टाळा

पावसाळा लागला की माझ्याकडे शिकणाऱ्यांचे निरोप येऊ लागतात : "ताई, पंचमाची खुंटी हलतच नाही." पंधरा दिवसांनी कळतं, तंबोऱ्याला गवसणी चढली आणि रियाज मोबाईलमधल्या तंबोऱ्यावर सुरू झाला. मला याचं फार वाईट वाटतं. मधल्या जोडीच्या दोन तारा एकमेकींत मिळवताना कान जसा तयार होतो, तसा आयत्या सुरावर होत नाही. आणि खुंटीचा हा त्रास बहुतेक वेळा घरच्या घरी सुटणारा असतो.

अडकलंय काय, हे न बघताच जोर लावणं

सगळ्यात मोठी चूक हीच. खुंटी घट्ट वाटते तेव्हा दर वेळी दोष खुंटीचाच असतो असं नाही. भोपळ्याकडे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पृष्ठभागावरून, म्हणजे जवारीवरून, निघालेली तार वर अटीच्या (खाचा असलेल्या पट्टीच्या) खाचेतून आणि तारगहनाच्या (तिच्यामागच्या भोकं असलेल्या पट्टीच्या) भोकातून जाऊन मग खुंटीला पोचते. या खाचेत मळ साचला, पितळी तारेवर कळंक चढला किंवा जुन्या बारीक खाचेत जाड तार घातली, तर तार तिथेच धरून बसते.

ओळखायचं कसं? खुंटी केसभर फिरवा आणि कान द्या. खुंटी फिरतेय पण सूर जागचा हलत नाही, मग एकदम 'टण्' आवाज होऊन स्वर उडी मारतो, असं झालं तर तार खाचेत अडकते आहे. तार सैल करून खाचेतून उचला, मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत दोन-चार वेळा फिरवा, तार परत बसवा. हे फक्त अटीपुरतं. जवारीच्या पृष्ठभागाला पेन्सिल, तेल, कापड काही लावू नका, तिथला घाट बिघडला की आवाजच गेला.

खुंटी स्वतःच फिरायला तयार नसेल, तर मात्र दोष बहुधा लाकडात आहे.

एक तिसरं कारण सहसा कोणी तपासत नाही. तार गुंडाळताना वेढे खुंटीच्या मुळाशी दाटले, तर ते दांडीच्या लाकडाला भिडतात आणि पाचर बसल्यासारखी खुंटी आवळली जाते. तीन-चार वेढे, शेजारी शेजारी, एकावर एक न चढवलेले, एवढे पुरतात. जास्तीची तार कापून टाका.

पक्कड लावणं

विद्यार्थिदशेत मी खर्जाच्या (सगळ्यात जाड तारेच्या) खुंटीला पक्कड लावली होती. खुंटी फिरली नाही, तिचं डोकं तुटलं आणि देठ भोकातच राहिला. कारागिराला तो पोखरून काढावा लागला आणि भोक थोडं मोठं झालं ते झालंच.

लाकूड दमट हवेत फुगतं, पण सगळीकडून सारखं नाही. रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच, आडवं मात्र चांगलंच, आणि तेही दोन दिशांना कमी-जास्त. त्यामुळे गोल खुंटी किंचित लंबगोल होते, भोकाचंही तेच होतं आणि दोघं एकमेकांना चावतात. पकडीच्या जोराने हा आकार बदलत नाही. हवा कोरडी झाली की बदलतो. तंबोरा दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत ठेवा, गवसणीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. मग खुंटी बाहेर ओढत, तार सैल होईल त्याच दिशेने हलवा. चेहरा तारांपासून लांब ठेवा, पोलादी तार तुटली तर डोळ्याला लागते. केस वाळवायचा ड्रायर किंवा ऊन मात्र नको, भोपळा तडकतो.

तेल सोडणं

खोबरेल असो की मशीनचं, लाकडी खुंटीला तेल कधीही नाही. ते लाकडात मुरतं, काढता येत नाही आणि पुढे हिवाळ्यात लाकूड आकसलं की खुंटी धरत नाही. खुंटी पूर्ण काढून, कोरड्या कापडाने जुना मळ पुसून, भोकात घासून चमकलेल्या गोल पट्ट्यांवर कपडे धुण्याच्या कोरड्या साबणाची वडी हलके घासा, वरून थोडा खडू. साबणाने फिरते, खडूने थांबते. प्रमाण हाताला कळेपर्यंत दोन-तीनदा करावं लागेल.

अमेरिका-कॅनडातल्या आपल्या मंडळींची तक्रार थंडीत नेमकी उलटी असते : हीटरच्या कोरड्या हवेत खुंट्या सुटतात. मग ती जोरात आत दाबून बसवली जाते आणि उन्हाळ्यात दमट हवा आली की तीच खुंटी जाम होते. थंडीत खडू लावा, खोलीतली हवा थोडी ओलसर ठेवा, ठोकून बसवू नका.

प्रवासी तंबोऱ्याला गिटारसारख्या धातूच्या किल्ल्या असतात, तिथे हिशेब वेगळा. दातेरी चाकावर सुईच्या टोकाने तेलाचा एक थेंब चालतो. त्याआधी किल्लीच्या टोकाचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून पाहा, तो फार आवळला तरी किल्ली जड फिरते.

प्रत्येक बारकाव्यासाठी खुंटीकडे जाणं

बारीक सूर घोडीखाली तारांत ओवलेल्या मण्यांनी लावायचा. मणी टोकाला जाऊन बसलेले असतील तर ते आधी मध्यावर आणा, खुंटीने स्वराजवळ पोचा, उरलेलं मण्यांवर सोडा. खुंटी जितकी कमी छळाल तितकं भोक कमी झिजेल.

खुंट्या अदलाबदल करणं

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत काम पाहिलंत तर लक्षात येईल, प्रत्येक खुंटी तिच्याच भोकासाठी घासून बसवलेली असते. साफसफाईला चारही एकदम काढू नका. सगळ्या तारा सुटल्या तर घोडीही जागची हलते. एक काढा, पुसा, बसवा, मग दुसरी. आणि काढण्याआधी डोक्याखाली पेन्सिलीने १, २, ३, ४ लिहून ठेवा. एवढं करूनही खुंटी एका ठिकाणी घट्ट आणि पाव फेऱ्यावर सैल लागत असेल, तर ती कायमची लंबगोल झाली आहे, मग नवी बसवून घ्यायला तंबोराच कारागिराकडे न्या, नुसती खुंटी नेऊन माप जुळत नाही.