धान्याच्या खोलीत भजनी मंडळाचे गाणे कसे ध्वनिमुद्रित करावे

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीच्या ठेक्यावर भजन गावोगावी नेले आणि विदर्भातल्या कितीतरी गावांत आजही खंजिरी भजनाची मंडळे आहेत. अशा मंडळाचे गाणे घरीच ध्वनिमुद्रित करायचे असेल, तर एक लॅपटॉप, चार माइक लागतील असा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी), साधे डायनॅमिक माइक, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि रीपरसारखे मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक आवाज वेगळा ठेवणारे सॉफ्टवेअर एवढ्यावर काम होते. महागडा कंडेन्सर माइक घेण्याची घाई करू नये, कारण तो गायकाच्या आवाजाबरोबर गोठ्यातल्या घंटाही तितक्याच इमानाने टिपतो. आधी खोलीकडे लक्ष द्यावे.

घरातली धान्य किंवा कापूस ठेवायची खोली यासाठी उत्तम. मात्र ती चौकोनी नसून लांबट असावी. दहा बाय दहा फुटांच्या खोलीत साधारण ५६ हर्ट्झचा खर्ज समोरासमोरच्या दोन्ही जोड्यांच्या भिंतींमध्ये एकदमच घुमतो आणि तबल्याचा बाया (डग्गा) फुगल्यासारखा ऐकू येतो. हा घुमारा कोपऱ्यांत सर्वांत जास्त साचतो, म्हणून कापसाची गाठोडी कोपऱ्यांत छतापर्यंत रचावीत, भिंतींवर गोधड्या टांगाव्यात आणि खाली सतरंजी अंथरावी. कुटार किंवा तणस मात्र खोलीत आणू नये. त्याची धूळ गायकाच्या घशात आणि हार्मोनियमच्या सुरांमध्ये बसते. कापूस आहे म्हटल्यावर एक्स्टेन्शन बोर्ड गाठोड्यांपासून दूर ठेवावा, आणि ध्वनिमुद्रणापूर्वी उदबत्ती लावण्याचा रिवाज असेल, तर ती अंगणात लावावी.

वेळ थंडीतली निवडावी. उन्हाळ्यात कूलर बंद केला तर माणसे बसत नाहीत आणि चालू ठेवला तर गाणे ऐकू येत नाही. शिवाय पावसाळ्यात टिनाच्या छताखाली काही करता येत नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर गाव शांत होते. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून बॅटरीवर चालवावा आणि इंटरफेस यूएसबीवरच चालणारा घ्यावा, म्हणजे वीज गेली तरी काम थांबत नाही आणि खराब अर्थिंगमुळे येणारी ५० हर्ट्झची घरघरही बहुतेक वेळा नाहीशी होते.

आता बैठक. हार्मोनियम, तबला आणि खंजिरी एकत्रच वाजवून घ्यावीत; मुख्य गायकाने सोबत कच्चे गावे आणि त्याचा पक्का आवाज नंतर घ्यावा. हेडफोनमध्ये टिकटिक लावून त्यावर वाजवण्याचा आग्रह काही जण धरतात, पण तो इथे चुकीचा आहे. भजनाची लय शेवटाकडे चढत जाते आणि ती चढली नाही तर गाण्यातला जीवच जातो. तबला आधी हार्मोनियमच्या पट्टीत लावून घ्यावा, कारण हार्मोनियमचा सूर ऐनवेळी बदलता येत नाही. हार्मोनियमचा माइक वरच्या जाळीपासून फूटभर उंच, भात्यापासून दूर कललेला असावा, नाहीतर प्रत्येक स्वरामागे हवेची फुसफुस येते. तबल्याचा माइक तबला आणि बाया यांच्या मध्ये, वरून. माइकच्या स्टँडखाली घडी घातलेली गोधडी ठेवावी, कारण मांडी हलवत ताल धरणारा एक तरी साथीदार मंडळात असतोच.

टाळ मात्र या बैठकीत अजिबात नको. टाळाची किणकिण सगळ्या माइकमध्ये शिरते आणि नंतर ती कोणत्याही युक्तीने वेगळी काढता येत नाही. टाळकऱ्याला हे सांगणे जरा जड जाते, पण त्याला शेवटी एकट्याला हेडफोन देऊन वाजवायला सांगावे, तेही माइकपासून सात-आठ फुटांवर.

ध्वनिमुद्रण २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर करावे. गेन, म्हणजे माइकचा आवाज आत घेण्याची पातळी, इतकाच ठेवावा की सर्वांत मोठा ठोका उणे १० ते उणे १२ डेसिबलच्या पुढे जाणार नाही. तालमीत माणसे हात राखून वाजवतात आणि लाल दिवा लागला की जोर चढतो, हे धरूनच गेन लावावा. बफर (आवाज आत घेताना लॅपटॉप एका वेळी साठवतो तो तुकडा) १२८ सॅम्पलवर ठेवला, तर त्याचा उशीर तीन मिलिसेकंदांपेक्षाही कमी राहतो. तीन-चार वेळा पूर्ण गाणे घ्यावे आणि त्यांतले एक सलग निवडावे. लय हलती असल्यामुळे एका वेळचे कडवे दुसऱ्यात जोडायला गेले की सांधा दिसतो.

मुख्य गायक अंगणात उभे राहून गायला सरावलेला असतो, त्यामुळे त्याला माइकपासून एक-दीड वीत लांब आणि माइकच्या किंचित तिरका उभा करावा. 'फ', 'भ' यांचा वारा सरळ माइकवर आदळू नये. साथीला गाणाऱ्यांना एकाच माइकभोवती अर्धवर्तुळात बसवून, ज्याचा आवाज खडा आहे त्याला पाऊलभर मागे सरकवावे. साथ दोनदा घ्यावी, दुसऱ्यांदा जागा बदलून, म्हणजे पाचांचे दहा होतात.

मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायला बसताना पहिला तास फक्त आवाजांची पातळी जुळवावी, दुसरे काही लावू नये. मग गायकाच्या आवाजातले ८० ते १०० हर्ट्झखालचे काढून टाकावे. हार्मोनियम आणि गळा साधारण १ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर चढतात. अशा वेळी गळा वाढवण्याऐवजी हार्मोनियम तिथे दोन-तीन डेसिबल उतरवावी, शब्द आपोआप पुढे येतात. गायकाला ३:१ चा कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणे) पुरे. टाळ आणि खंजिरीच्या झांजा कानाला टोचत असतील, तर ६ ते १० किलोहर्ट्झमध्ये थोडे कापावे. रिव्हर्ब (घुमारा) देवळाच्या सभामंडपाची आठवण येईल इतकाच असावा, शब्द त्यात बुडू नयेत. साथ डावीकडे-उजवीकडे पसरावी, पण गायक, तबला, हार्मोनियम मध्यापासून फार हलवू नयेत, कारण गावातल्या अॅम्प्लिफायरला पुष्कळदा एकाच बाजूची वायर जोडलेली असते.

तपासणी मोबाइलवर आणि शक्य असल्यास देवळाच्या भोंग्यावर करावी. दोन्हींवर बायाचा खर्ज जवळजवळ येतच नाही. बाया तिथे हरवला, तर खालचा भाग वाढवण्यापेक्षा २०० ते ३०० हर्ट्झमध्ये थोडा उचलावा. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (गाण्याचा एकंदर मोठेपणा मोजायचे माप) वर गेलेले गाणे स्वतःच खाली आणते, म्हणून आवाज फुगवून काही लाभ नाही. कमाल टोक उणे १ डेसिबलवर थांबवावे. मूळ डब्ल्यूएव्ही फाइल आणि प्रत्येक वाद्याची सुटी फाइल दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी, आणि मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर गाणे 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोहोचते.