कोल्हापूर ते तिरुपती विमानाने: निघण्याआधी हे बघा

आधी दर्शनाचा स्लॉट आणि विमानाची वेळ शेजारीशेजारी लिहा, मगच पैसे भरा. गेल्या खेपेला मी फक्त विमानाची वेळ बघितली आणि आईचा 300 रुपयांच्या दर्शनाचा स्लॉट हुकला. विमान वेळेवर उतरलं होतं, तरीही.

थेट विमान त्या दिवशी आहे का ते बघा. मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर वेळापत्रक बदलतं, मागच्या वर्षी कुणी गेलं होतं त्यावर विसंबू नका. थेट नसेल तर हैदराबादसारख्या ठिकाणी विमान बदलावं लागेल आणि मग अख्खा दिवस धरा.

कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला, तिरुपतीचा रेणीगुंट्याला. दोन्हींमधलं हवाई अंतर साधारण 655 किलोमीटर. काही ठिकाणी 354 असा आकडा दिसेल, ते नॉटिकल मैल आहेत. एक नॉटिकल मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. पंख्याचं छोटं एटीआर विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे सव्वा तासाहून जास्त वेळ हवेतच जातो. छोटं जेट तासाभरात पोचवतं. तिकिटावर वेळ याहून जास्त दिसते, कारण विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो.

पण ती वेळ रेणीगुंट्याला संपते. देव तिरुमलाला, वर डोंगरावर. मधलं 40 किलोमीटरच्या आसपासचं अंतर कुठल्याच तिकिटावर लिहिलेलं नसतं आणि मी नेमकं तेच धरलं नव्हतं. बॅग पट्ट्यावर येईपर्यंत वेळ जातो, मग गाडी ठरवायची, मग तिरुपती शहरातून डोंगराच्या पायथ्याच्या अलिपिरी नाक्याला पोचायचं. तिथे सगळ्यांनी खाली उतरायचं, सामान तपासून घ्यायचं, पुन्हा गाडीत बसायचं. गर्दीच्या दिवशी तिथेच रांग लागते. मग घाट, आणि घाटात वेगाला मर्यादा आहे, ड्रायव्हरला घाई करून उपयोग नाही. आई मागच्या सीटवर हात जोडून बसली होती आणि मी घड्याळ बघत होतो. शेवटी सर्वदर्शनाच्या, म्हणजे मोफत दर्शनाच्या रांगेत अख्खी रात्र गेली, तीही गुडघे दुखणाऱ्या बाईची.

म्हणून विमान उतरण्याची वेळ आणि स्लॉट यांत किमान चार तास ठेवा. दोन नव्हे, चार. सोबत म्हातारं माणूस असेल तर आदल्या दिवशी पोचा आणि वर मुक्काम करा. खोली स्लॉटबरोबरच बघून ठेवा, नंतर मिळत नाही.

आधार कार्ड मूळ, झेरॉक्स नको. पुरुषांना धोतर किंवा पायजमा, बायकांना साडी किंवा ओढणीसह चुडीदार. हे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा, बॅग उशिरा आली तर अडायला नको. पॉवर बँकही हातातच. मोबाइल दर्शनाला नेता येत नाही, तेव्हा सगळ्यांनी भेटायची जागा आधीच ठरवा.

उजळाईवाडीला दोन तास आधी पोचा. गावापासून जवळ आहे म्हणून उशिरा निघू नका, काउंटर ठरल्या वेळी बंद होतो.

येताना लाडवांसाठी बॅगेत जागा ठेवा, वजन बघा. आणि परतीच्या विमानाला निघतानाही तेच 40 किलोमीटर धरा: घाट, शहर, मग रेणीगुंटा.