दहावीचा प्रजननाचा धडा: वर्गात जाण्याआधीची तयारी

विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मधला तिसरा धडा अमीबापासून सुरू होतो, फुलाच्या पुंकेसरापर्यंत सुरळीत चालतो आणि मानवी प्रजननापाशी आला की कित्येक वर्गांत ‘हे घरी वाचून या’ म्हणून सोडून दिला जातो. तेव्हा पहिली तयारी म्हणजे ठरवून टाकणं: धडा पूर्ण शिकवायचा, आणि मुलं-मुली एकत्र बसवून शिकवायचा. मुलींना वेगळ्या खोलीत नेलं की मुलांच्या हाती फक्त कुजबुज उरते.

आठवडाभर आधी मुख्याध्यापकांना कल्पना द्या. पालकसभा जवळ असेल तर पुस्तकाचं तेच पान उघडून दाखवा. बोर्डाच्या अभ्यासक्रमात आहे, हे डोळ्यांनी पाहिलं की बोलणं सोपं होतं. जोडतास मागून घ्या. पस्तीस मिनिटांत शिकवणं उरकेल, मुलांचे प्रश्न उरकणार नाहीत.

मग स्वतःची जीभ तयार करा. शिश्न, वृषण, योनी, अंडाशय, वीर्य हे शब्द घरी मोठ्यानं म्हणा. यकृत म्हणताना जसा आवाज लागतो तसाच लागेपर्यंत म्हणा. स्त्री आणि पुरुष दोन्ही प्रजननसंस्थांच्या आकृत्या पुस्तक न बघता काढायचा सराव हवा, कारण फळ्याकडे वळून अडखळलात की मागच्या बाकावर हसू फुटतंच.

धड्याच्या दोन-तीन दिवस आधी वर्गात प्रश्नपेटी ठेवा. बिननावाची चिठ्ठी प्रत्येकानं टाकायची. प्रश्न नसेल तर ‘प्रश्न नाही’ एवढं लिहून टाकायची, म्हणजे कुणी काय लिहिलं याचा माग लागत नाही. चिठ्ठ्या आदल्या रात्री वाचून उत्तरं तयार ठेवा. मुलांचे काही प्रश्न ठरलेले असतात. झोपेत वीर्य जातं, हा आजार आहे का? नाही, वयात येताना हे बहुतेकांना होतं. रक्ताच्या शंभर थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो का? नाही, त्यातला बहुतेक द्रव शुक्राशय आणि पुरःस्थ ग्रंथींतून येतो. ही भीती मुलं वर्षानुवर्षं मनात बाळगतात आणि कुणी तिची दखल घेत नाही, म्हणून या उत्तरांना वेळ द्या.

आपल्या मराठवाड्यात आणखी एक प्रश्न येतो: ‘पिशवी काढली की काय होतं?’ बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ साली राज्यभर गाजल्या, आणि विचारणाऱ्याच्या घरातच कुणीतरी त्यातून गेलेलं असू शकतं. उत्तर नेमकं हवं. गर्भाशय काढलं की पाळी बंद होते, गर्भ राहत नाही. अंडाशय शाबूत असतील तर ते संप्रेरकं (हार्मोन) बनवत राहतात, तेही काढले तर त्यातलं इस्ट्रोजेन एकदम घटतं आणि हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात. पाळीचा त्रास नको म्हणून करून टाकावं असं हे ऑपरेशन नाही, हे मुलांनीही ऐकायला हवं. उद्या घरात असा निर्णय व्हायची वेळ आली तर त्यांनाही विचारलं जाईल.

ऋतुचक्रासाठी दिनदर्शिका घ्या. एका काल्पनिक मुलीची पाळी २ जून, ३० जून, ३१ जुलै आणि २५ ऑगस्टला सुरू झाली, एवढं फळ्यावर लिहा आणि वर्गाला दिवस मोजू द्या: २८, ३१, २५. आता विचारा, यातली कुठली पाळी चुकली? एकही नाही. पुस्तकातले २८ दिवस ही सरासरी आहे. किशोरवयात २१ ते ४५ दिवसांचं अंतरही चालतं, कारण सुरुवातीच्या वर्षांत अंडमोचन, म्हणजे अंडाशयातून अंडपेशी बाहेर पडणं, नियमित नसतं. अंडमोचन चौदाव्या दिवशी, असं घोकलेलं असतं. खरं तर ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी होतं. म्हणजे ३१ दिवसांच्या चक्रात सतराव्या दिवसाच्या आसपास. पुटिका (अंडपेशी जिच्यात वाढते ती अंडाशयातली पिशवी) पक्व व्हायला लागणारा काळ कमी-जास्त होतो, अंडमोचनानंतर तिचंच जे पीतपिंड बनतं त्याचा काळ मात्र बराचसा ठरलेला असतो. गर्भधारणा झाली नाही तर पीतपिंड ओसरतं, त्यातून येणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक घटतं आणि गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं. एवढी साखळी कळली की ‘विटाळ’ समजून बाजूला बसवण्याला आधारच राहत नाही, आणि हे वर्गात स्पष्ट बोला.

प्रयोगशाळेतला मोजपात्र, बिटाचा रस, दोन पॅड आणि धुतलेलं सुती कापड आणा. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. तेवढा रस मोजून सगळ्यांसमोर पॅडवर ओता. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, कापड उन्हात वाळवायचं, हे त्याच वेळी सांगून टाका. रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालला, तासा-दोन तासांना पॅड भिजलं, दुखण्यामुळे शाळा बुडू लागली किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर डॉक्टरांकडे जायचं.

लिंगनिश्चितीला वेगळी तयारी लागत नाही. एक्स आणि वाय गुणसूत्रांचा तक्ता पुरतो. वाय वडिलांकडूनच येतं, त्यामुळे मुलगी झाली म्हणून आईला बोल लावणं चूक आहे, हे तक्त्यातच दिसतं. सोबत १९९४ च्या गर्भलिंगनिदानबंदी कायद्याचा उल्लेख करा.

एक तयारी मनाची. या धड्यानंतर एखादं मूल स्वतःवरच्या अत्याचाराबद्दल बोलू शकतं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइन या मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

शाळेच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, पाणी येतं का, झाकणाची बादली आहे का, हे धड्याच्या आधी जाऊन बघा. जादा पॅड कुठल्या कपाटात आहेत आणि किल्ली कुणाकडे असते, हे वर्गात सगळ्यांसमोर जाहीर करा. धड्याच्या दिवशी ज्या मुली गैरहजर असतील त्यांची नावं टिपून ठेवा. त्या आल्या की दिनदर्शिकेचा सराव त्यांच्याकडूनही करून घ्या.