पसंतीच्या क्रमांकाची गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना

‘चॉइस नंबर’ अशी जाहिरात करून मुंबईत जुनी गाडी विकली जाते, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने व्यवहार गाडीचा होतो आणि क्रमांक तिच्याबरोबर जातो. ताडदेव (एमएच ०१), अंधेरी (एमएच ०२), वडाळा (एमएच ०३) किंवा बोरिवली (एमएच ४७) यांपैकी कोणत्याही आरटीओने दिलेला क्रमांक त्या गाडीच्या चेसिस आणि इंजिन क्रमांकाशी जोडलेला असतो. त्यामुळे पाटी काढून दुसऱ्या गाडीला लावणे हा गुन्हा तर आहेच. शिवाय उच्च सुरक्षा पाटीचे स्नॅप लॉक (पाटी गाडीला घट्ट धरणारे कुलूप) एकदाच बसते आणि तिच्यावरील लेसर क्रमांक त्याच गाडीच्या नोंदीत असतो.

क्रमांक घरातच राहावा अशी इच्छा असेल, तर विक्रीची बोलणी करण्यापूर्वीच तसे ठरवावे. राज्य शासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये पसंतीच्या क्रमांकांचे शुल्क वाढवले आणि मुंबईत चारचाकीच्या ०००१ साठी ते ४ लाखांवरून ६ लाख रुपये झाले. त्याच वेळी पती, पत्नी, मुलगा, मुलगी अशा जवळच्या कुटुंबीयांच्या नावे क्रमांक हस्तांतरित करण्यास मुभा मिळाली, जी पूर्वी नव्हती. मित्राला किंवा धंद्यातील भागीदाराला नुसता क्रमांक देण्याची वाट मात्र त्यातून निघत नाही.

गाडीसह क्रमांक देताना सर्वांत आधी आरसीवर बँकेचा बोजा आहे का, ते पाहावे. कर्ज फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेची सही असलेला नमुना ३५ (बोजा संपल्याची सूचना) आणि ना-हरकत पत्र लागते. त्यानंतर ‘वाहन’ पोर्टलवर मालकी बदलाचा अर्ज भरून नमुना २९ व नमुना ३० तयार करावेत. गाडी राज्यातच राहणार असेल, तर विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला कळवावे, असे मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५० सांगते. कागदांसोबत चेसिसची पेन्सिल प्रिंट (कोरलेल्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) मागितली गेल्यास चेसिसवरचे कोरलेले आकडे आधी कापडाने स्वच्छ पुसावेत, कारण गंज किंवा ग्रीसमुळे एखादा आकडा पुसट उमटला की अर्ज त्रुटीत निघतो. थकलेली ई-चलने, पीयूसी आणि विमा हेही त्याच बैठकीत तपासून घ्यावे.

या टप्प्यावर विक्रेते ढिले पडतात, असे दिसते. पैसे मिळाले, किल्ली दिली, की त्यांच्या लेखी विषय संपतो. प्रत्यक्षात आरसीवर ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक समजला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे; ती गाडी तर एकामागून एक अनेक हातांत गेली होती. म्हणून कोऱ्या नमुन्यावर सही करून तो एजंटाच्या हवाली करू नये.

मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या नावावर करायची असल्यास ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरावा लागतो. आरसीवर नामनिर्देशन असले, तर हे काम बरेच सोपे होते.

क्रमांकासाठी जादा रक्कम मोजणाऱ्या खरेदीदाराने एवढे ध्यानात ठेवावे, की गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यामुळे गोव्यात कायमचा राहायला निघालेल्या माणसाने ‘४१४१’साठी हजारो रुपये वाढवून देण्यात अर्थ नाही. ते आकडे वळवून ‘दादा’ असे वाचता येणारी पाटी तर मुंबईतही चालत नाही, आणि दंड नव्या मालकाच्या नावे निघतो.

खरेदीदाराने मालकी बदलाच्या तारखेपासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) विक्रेत्याकडेच राहत असल्याने खरेदीदाराच्या हप्त्यात फरक पडू शकतो. विक्रेत्याने फास्टॅग बँकेला कळवून बंद करावा. नाहीतर नवा मालक वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून जाईल आणि टोल जुन्या मालकाच्या खात्यातून कापला जाईल.